उंबरमाळला उतरताना

उंबरमाळला जाणारं विमान उंबरमाळला थांबत नाही. उंबरमाळचे प्रवासी हवेतच उतरतात.

गाव डोंगरमाथ्यावरच्या सपाटीवर आहे. विमान टेकेल एवढी जागा तिथं आहे, पण त्या जागेत भुईमूग होतो, आणि विमानासाठी भुईमूग मोडावा असं आजवर कुणालाच वाटलेलं नाही. गावातून खाली यायला जीप आहे. तिला प्रवासी घेऊन घाट उतरायचा परवाना आहे, चढायचा नाही; चढताना ती रिकामीच जाते. त्यामुळे गावाहून निघालेला माणूस जीपनं जिल्ह्याला येतो आणि परत जाताना विमानात बसतो. गाव आलं की कंडक्टर घंटीची दोरी ओढतो, दार उघडतं, आणि पाठीवर छत्री बांधलेली माणसं एकामागून एक खाली जातात. लेकीबाळींची सासरं, शेतं, दुकानं, सगळं वर्षानुवर्षं याच रीतीनं चाललेलं आहे.

हेमलताबाई रणनवरे यांची मुलगी वृषाली उंबरमाळला दिली होती. लग्नाला चार वर्षं झाली. या चार वर्षांत हेमलताबाई दिवाळीला, संक्रांतीला आणि जावयाच्या गुडघ्याच्या ऑपरेशनानंतर अशा कितीतरी वेळा उंबरमाळला उतरल्या होत्या. एकदाही पाय मुरगळला नव्हता. एकदा फक्त फराळाचा डबा हातातून सुटला होता आणि तो शेजारच्या वाडीत सापडला, पण त्यातल्या करंज्या शाबूत होत्या.

या खेपेला अडचण निराळी होती. हेमलताबाईंना साठ वर्षं पूर्ण झाली होती.

साठी पूर्ण झालेल्या प्रवाशांना डेपोकडून दोन सवलती मिळतात. तिकीट अर्धं होतं आणि हेल्मेटची सक्ती उठते. सक्ती उठली म्हणजे डेपो त्यांना हेल्मेट देत नाही. आता हवेत उतरताना डोळ्यांवर गॉगल लागतोच, नाहीतर वाऱ्यानं डोळे उघडत नाहीत. आणि कानाशी टिटवी लागते. टिटवी म्हणजे काडेपेटीएवढं यंत्र. जमीन किती खाली राहिली हे ते ओरडून सांगतं. पहिल्यांदा ओरडली की पिशव्या सावरायच्या, दुसऱ्यांदा ओरडली की छत्री ओढायची. त्यानंतरही ती ओरडते म्हणतात, पण ते ऐकून खाली आलेलं कुणी उंबरमाळात नाही. हेल्मेट असलं की गॉगलचा पट्टा त्याखाली दबून राहतो आणि टिटवी आतल्या खिशात बरोबर कानावर बसते. हेल्मेट नसलं तर दोन्ही वस्तू प्रवाशानं आपल्या डोक्याला स्वतःच बांधायच्या, आणि त्या पक्क्या बांधल्यात हे डेपोतल्या पंख्यासमोर दाखवून द्यायचं, असा नियम आहे.

बाळ झाल्याचा निरोप आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी हेमलताबाई डेपोत गेल्या होत्या.

"साहेब, मला हेल्मेटच द्या," त्या निरीक्षकांना म्हणाल्या. "मला सवलत नको."

निरीक्षक गायधनी शांत, जाडजूड गृहस्थ होते. त्यांनी चष्मा पुसला. "मावशी, सवलत लागू झाली तुम्हाला."

"मी नको म्हणतेय ना."

"नको म्हणायची सोय साठीच्या आधी होती. तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत."

हे खरंच होतं. हेमलताबाई पंख्यासमोर गेल्या.

पंखा एका बंद पडलेल्या मंगल कार्यालयातून आणलेला होता, पुरुषभर उंचीचा. त्याच्यासमोर एक बाक होतं. प्रवाशानं बाकावर पालथं झोपायचं, डोकं पुढे काढायचं आणि हात पसरायचे. मग पंखा लावतात. पहिल्या दिवशी हेमलताबाईंनी गॉगल नुसताच घातला होता आणि टिटवी काळ्या दोऱ्यानं कानातल्या कुडीला बांधली होती. पंखा सुरू झाला. गॉगलच्या खाली वारा शिरला, गॉगल कपाळावरून सरकत वर गेला आणि आंबाड्यावर जाऊन बसला. टिटवी कुडीभोवती गरगर फिरू लागली. गायधनींनी पंखा बंद केला आणि खेदानं मान हलवली.

पुढच्या खेपेला त्यांनी सगळ्यावरून पदर घट्ट गुंडाळून घेतला. पदरात वारा भरला, तो टम्म फुगला आणि हेमलताबाई बाकावरून हातभर मागे सरकल्या.

"प्रवाशानं डेपोतच छत्री उघडली," गायधनी म्हणाले. "असं धरावं लागेल मला."

"तो पदर आहे साहेब."

"उघडला ना पण?"

अशा दोन खेपा वाया गेल्या. आता बारसं दुसऱ्या दिवसावर आलं होतं आणि त्याआधीचं हे शेवटचं विमान होतं. हेमलताबाईंनी अजून नातवाचं तोंड पाहिलं नव्हतं. सकाळी घरून निघताना यजमान म्हणाले होते, "नाही जमलं तर फोनवर बघ बारसं." त्यावर त्यांनी यजमानांच्या ताटलीत पोहे जरा जोरातच वाढले होते.

डेपोत पोचल्या तर प्रतीक्षाखोलीत त्यांच्या विहीणबाई बसलेल्या.

ताराबाई काटकर बारशाच्या खरेदीसाठी पहाटेच जीपनं खाली आल्या होत्या आणि आता परत निघाल्या होत्या. मांडीवर पिशवी, डोक्यावर आधीच चढवलेलं डेपोचं पांढरं हेल्मेट. ताराबाई एकोणसाठ वर्षांच्या होत्या. मागच्या वर्षीही त्या एकोणसाठच होत्या आणि वृषालीच्या लग्नात कुणीतरी विचारलं होतं तेव्हाही. शाळेच्या दाखल्यात काय आहे ते डेपोनं कधी पाहिलं नव्हतं, आणि कुणी दाखवलंही नव्हतं.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि मग दोघींनी पंख्याकडे पाहिलं.

त्या एकमेकींशी बोलत नव्हत्या. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं असतं. हेमलताबाईंनी खोली रंगवून घेतली होती, डिंक-खोबरं आणून ठेवलं होतं. डोहाळजेवणाला उंबरमाळला गेल्या तेव्हा ताराबाईंनी सांगितलं, वृषाली कुठंही जाणार नाही, बाळंतपण इथंच होईल. सगळ्या बायकांसमोर हेमलताबाई म्हणाल्या, "का? आमच्याकडं काय जागा नाही की माणसं नाहीत?" ताराबाई एवढंच म्हणाल्या, "रस्ता नाही." तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद होतं. निरोप असला तर तो वृषालीच्या तोंडून जायचा.

हेमलताबाई बाकाच्या टोकाला बसल्या. त्यांनी परकराची नाडी, केसांचे आकडे, सेफ्टी पिना आणि एक रबरी पट्टा बाहेर काढला आणि आरशाशिवायच डोकं बांधायला घेतलं. गॉगलचा पट्टा आंबाड्यावरून घेतला. वरून नाडी बांधली. टिटवी नाडीत खोचली. ती खाली पडली. पुन्हा खोचली.

ताराबाई बराच वेळ भिंतीवरचं विमानांचं वेळापत्रक वाचत होत्या. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"साहेब," त्या गायधनींना म्हणाल्या, "त्यांना सांगा, पट्टा आंबाड्याच्या खालून घ्यायचा असतो. वरून नाही."

गायधनींनी हेमलताबाईंकडे वळून सांगितलं, "पट्टा आंबाड्याच्या खालून घ्यायचा असतो, असं त्यांचं म्हणणं आहे."

"त्यांना म्हणावं, खालून घेतला तर कानामागं ढिला पडतो."

"कानामागं ढिला पडतो," गायधनी ताराबाईंना म्हणाले.

"मग मागं गाठ मारून आखूड करायचा, म्हणावं. एवढं कळत नाही का?"

"मागं गाठ मारून आखूड करायचा." गायधनी क्षणभर थांबले. "पुढचं वाक्यही सांगू का?"

"नको, ऐकलं मी," हेमलताबाई म्हणाल्या. "साहेब, तुम्हीच सांगा ना, बरोबर काय ते."

"मला बांधणीबाबत सल्ला देता येत नाही, मावशी. निरोप देता येतो."

बाहेर विमानाचं इंजिन सुरू झालं. हेमलताबाईंनी पट्टा आंबाड्याखालून घेतला आणि मागं गाठ मारली. गॉगल खरंच पक्का बसला. पण टिटवी काही केल्या राहीना. हातानं धरली की कानाशी बसे; सोडली की नाडीखालून घसरून गळ्यात येई. कानाजवळ एक काडेपेटी राहत नाही म्हणून नातवाचं बारसं चुकणार, हे त्यांना पहिल्यांदाच खरं वाटलं, आणि त्या तशाच, अर्धं डोकं बांधलेल्या, खाली बघत बसून राहिल्या.

ताराबाई उठल्या. पिशवी उघडली आणि आतून एक कुंची काढली. हिरव्या खणाची, लाल काठाची, कपाळाशी मोत्यांची झालर लावलेली. बाळाला बारशाला घालतात ती कुंची. फक्त ही एवढी मोठी होती की ताराबाईंना ती झटकायला दोन्ही हात पसरावे लागले.

हेमलताबाईंनी मान वर केली. आपण बोलत नाही हे त्या विसरल्या.

"ही बाळासाठी?"

"वाढत्या अंगाची शिवलीय."

"अहो, पण एवढी?"

"मुलं वाढतात," ताराबाई म्हणाल्या. "आणि आमच्या घरात डोकी मोठी असतात. बसा सरळ."

"बाळाच्या आधी मी घालू? नवी कोरी आहे."

"पहिल्यांदा बाळाला वापरलेलंच कापड घालतात. तुम्ही घातलीत की झालीच वापरलेली." त्यांनी पिशवीतून सुई-दोरा काढला. "उजव्या कानानं चांगलं येतं की डाव्या?"

"उजव्या."

ताराबाईंनी कुंचीच्या आतल्या बाजूला, उजव्या कानावर येईल अशा जागी, कापडाची चुणी घातली. त्या चुणीत टिटवी बसवली आणि चारी कडांनी टाके घातले, तोंड तेवढं कानाकडे उघडं ठेवून. मग गॉगलच्या पट्ट्यावरून कुंची घट्ट ओढून घेतली. पट्टा खाली दबला. परकराची नाडी वाया घालवली नाही, तिचं एक टोक गॉगलला आणि दुसरं गळ्याभोवती बांधलं, "म्हणजे निसटलाच तर छातीवर लोंबेल, कुणाच्या परसात जाणार नाही." कुंचीचे बंद हनुवटीखाली बांधले. पाठीवर रुळणारा मागचा घोळ छत्रीच्या पट्ट्यांखाली खोचला.

"मोकळं टोक वाऱ्याला द्यायचं नाही," त्या म्हणाल्या. "एक टोक मिळालं की तो सगळं मागतो. मान हलवा."

हेमलताबाईंनी मान हलवली. काही हललं नाही.

बाकावर पालथ्या झाल्या. पंखा सुरू झाला. गायधनी घोषणा केल्यासारखं म्हणाले, "मान उजवीकडे. डावीकडे. आता वर बघा. आता खाली, जणू कुणी ओळखीचं दिसलंय." हेमलताबाईंनी सगळं केलं. कपाळावरचे मोती तडतडले, पण गॉगल जागचा हलला नाही. गायधनींनी कुंचीवर बोटानं ठोकलं, टिटवी ओरडली तसा त्यांनी हात वर केला.

पंखा थांबला. "पास," गायधनी म्हणाले. मग, निरीक्षक म्हणून नव्हे अशा आवाजात, "कुंची शोभते तुम्हाला, मावशी."

विमानात दोघी शेजारीशेजारी बसल्या. बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं म्हणून हेमलताबाईंनी खजुराची पुडी उघडली आणि ती दोघींच्या मध्ये ठेवली. थोड्या वेळानं ताराबाईंनी एक खजूर उचलला. खिडकीतून नदी दिसत होती, मग डोंगर दिसू लागले. पुढच्या गावांना जाणारे प्रवासी पेपर वाचत होते.

कंडक्टरनं घंटीची दोरी ओढली. "उंबरमाळवाले, दाराशी या!"

दार उघडायच्या आधी कंडक्टर प्रत्येकाची टिटवी बोटानं ठोकून बघतो. ठोकली की ती एकदा चिवचिवते. हेमलताबाईंच्या कुंचीवर ठोकलं, चिवचिवली. मागच्या तिघांची झाली. ताराबाईंच्या हेल्मेटवर ठोकलं. काही नाही. पुन्हा ठोकलं.

"काकू, तुमची बोलत नाही."

"जोरात ठोक."

त्यानं जोरात ठोकलं. ताराबाईंची मान हलली, टिटवी नाही.

"डेपोचं हेल्मेट आहे, काकू, मला इथं उघडता येत नाही. पुढच्या स्टॉपला विमान टेकतं, तिथं बदलून देतील. मग सोमवारच्या विमानानं या."

"उद्या बारसं आहे. माझ्या घरी बारसं आहे!"

"नाहीतर सोबतीच्या टिटवीवर उतरता येतं," कंडक्टर म्हणाला. "दोन कान एका टिटवीला. पण मग कान उघडा लागतो, हेल्मेट काढावं लागतं. आणि साठीच्या आतल्यांना हेल्मेट काढता येत नाही."

पुढे जाणाऱ्या प्रवाशांनी पेपर मांडीवर उतरवले होते. दारापाशी उंबरमाळचे तिघं उभे होते: पिठाच्या गिरणीवाला, त्याची बायको आणि पोस्टात काम करणारी एक बाई. म्हणजे जे काही बोललं जाईल ते संध्याकाळपर्यंत गावभर होणार होतं.

"मला चौसष्ट पूर्ण आहेत," ताराबाई म्हणाल्या.

कुणी हसलं नाही. गिरणीवाल्याच्या बायकोनं नुसतं "अगं बाई" म्हटलं.

"मग प्रश्नच नाही," कंडक्टर म्हणाला. "काढा."

हेल्मेट निघालं. आत केसांचा बारीकसा बुचडा होता आणि कपाळावर वर्षानुवर्षं हेल्मेट बसून पडलेली एक रेघ होती. ताराबाई एकदम लहान दिसू लागल्या. गॉगल नाकावर घसरत होता आणि त्यांना तो कसा धरावा ते सुचत नव्हतं. दुसऱ्याचं डोकं बांधता येतं, आपलं दिसत नाही.

हेमलताबाईंनी पिशवीत हात घातला. विहिणीच्या ओटीसाठी आणलेला खण वरच होता. त्यांनी त्याची तिरकी घडी घातली. गॉगलचा पट्टा बुचड्याखालून घेऊन गाठ मारली, त्यावरून खण कपाळापासून मानेपर्यंत ओढून मागं बांधला, उरलेली टोकं आत खुपसली, आणि एका कानावरून खण थोडा वर सरकवून तो कान मोकळा ठेवला.

"घट्ट झालं का?"

"झालं."

"दुखतंय?"

"दुखू दे."

डेपोतला पंखा इथं नव्हता. कंडक्टरनं दार उघडलं, ताराबाईंचा दंड धरून त्यांचं डोकं क्षणभर बाहेर काढलं आणि आत घेतलं. गॉगल जागेवर होता. "चला," तो म्हणाला.

दोघी विहिणींनी एकमेकींचे दंड धरले, गालाला गाल लावला आणि उतरल्या.

पहिल्यांदा काहीच सुचत नाही. वारा अंगाखालून येतो आणि माणसाला उचलून धरल्यासारखं वाटतं. मग हळूहळू डोळे स्थिरावतात. खाली उंबरमाळची सपाटी तांबूस-हिरवी, पोळपाटाएवढी दिसत होती. हेमलताबाईंच्या कानात टिटवी अजून गप्प होती. ताराबाईंचा गाल गार होता आणि कुंचीवर घट्ट दाबलेला होता.

हवेत बोलायचं तर ओरडावं लागतं. त्यामुळे हळू बोलायच्या गोष्टीही ओरडूनच सांगाव्या लागतात.

"विहीणबाई!" ताराबाई ओरडल्या.

"काय?"

"वृषालीला मी मुद्दाम अडवली नाही हो!"

"मग?"

"माझं पहिलं बाळंतपण! मला न्यायला भाऊ आला होता! सातवा महिना! तेव्हाही जीपच होती!"

हेमलताबाईंनी दंडावरची पकड घट्ट केली.

"घाटात धक्के बसले! पोटात दुखायला लागलं! थांबवा म्हणाले मी, तर घाटात थांबायला जागा नाही! खाली पोचेपर्यंत सगळं संपलं होतं!" वाऱ्यानं काही शब्द नेले. "मुलगी होती! आमच्या पोरांनासुद्धा माहीत नाही! वृषालीला त्या जीपमध्ये बसवायची माझी छाती झाली नाही!"

"मग तेव्हाच सांगायचं होतंत मला!"

"कशी सांगणार? तुम्ही एवढ्या बायकांत विचारलंत!"

हे खरं होतं. डोहाळजेवणाच्या दिवशी फुलांची वाडी भरून बसलेली वृषाली, भोवतीच्या पंधरा-वीस बायका, आणि "रस्ता नाही" म्हणून गप्प झालेल्या ताराबाई हेमलताबाईंना पुन्हा दिसल्या. त्यावेळी त्यांना तो ताठा वाटला होता.

"चुकलं माझं!" त्या ओरडल्या. "ऐकू आलं का? चुकलं म्हणतेय!"

"आलं!"

टिटवी पहिल्यांदा ओरडली. दोघींनी सवयीनं पिशव्या पोटाशी घेतल्या. ताराबाईंच्या गॉगलमध्ये पाणी साठलं होतं. गॉगल इतका घट्ट बांधलेला होता की पाण्याला बाहेर पडायला जागा नव्हती. ते काचेच्या तळाशी हलत होतं आणि त्यापलीकडे ताराबाईंचे डोळे मोठे मोठे दिसत होते.

"काय नाव ठेवलं असतंत?" हेमलताबाईंनी विचारलं.

ताराबाई बोलू लागल्या. तेवढ्यात टिटवी दुसऱ्यांदा ओरडली. ताराबाईंचा गाल हुंदक्यानं कुंचीपासून सुटला होता. त्यांना ती ऐकूच आली नाही. त्या सांगतच राहिल्या.

"विहीणबाई, छत्री!"

"काय?"

"छत्री ओढा! सोडा मला आणि ओढा!"

हेमलताबाईंनी त्यांचे हात आपल्या दंडावरून सोडवले आणि त्यांना दोन्ही तळव्यांनी दूर ढकललं. मग पाहत राहिल्या. एक क्षण ताराबाई ओटीच्या खणात बांधलेलं डोकं घेऊन तशाच खाली जात राहिल्या; मग त्यांचा हात खांद्याशी गेला आणि वर पांढरी छत्री फुलली. ती नीट भरलेली दिसल्यावरच हेमलताबाईंनी आपली ओढली.

एकदम शांत झालं. खाली कुठंतरी कोंबडा आरवत होता. डाव्या हाताला ताराबाई तरंगत होत्या. आता ओरडायची गरज नव्हती.

"चंद्रकला," ताराबाई साध्या आवाजात म्हणाल्या.

"छान नाव होतं."

"मला आवडायचं."

त्या भुईमुगात उतरल्या. हेमलताबाई गुडघ्यांवर आल्या, ताराबाई उभ्या. शेताचा मालक बांधावर खुरपं घेऊन बसला होता. "दोन वेल मोडले, काकू," तो म्हणाला, आणि छत्र्या गुंडाळायला मदत करू लागला. गिरणीवाला, त्याची बायको आणि पोस्टातली बाई थोडं पलीकडे उतरून घाईघाईनं गावाकडे निघाली होती. त्यांच्याकडे सांगण्यासारखं बरंच होतं. ताराबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि खांदे उडवले.

घरी वृषालीची नणंद दारात भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. दोघींवरून एकदमच ओवाळून तिनं तुकडा अंगणाबाहेर टाकला. वृषाली ओसरीच्या दाराशी उभी होती. आईच्या डोक्यावरची कुंची आणि सासूच्या डोक्यावरचा ओटीचा खण तिनं पाहिला.

"चहा टाकते," ती म्हणाली.

"तू बाळंतीण आहेस, तू बस," दोघी एकदम म्हणाल्या.

बाळ आतल्या खोलीत पाळण्यात झोपलं होतं. बाहेर अजून ऊन होतं. पाळण्यावर खिडकीची सावली पडली होती. हेमलताबाईंनी पाय धुतले, हात धुतले, कुंची आणि गॉगल काढून ठेवले आणि पाळण्यावर वाकल्या. ताराबाई पलीकडच्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. केस काळेभोर, मुठी बंद, नाक कुणाचं ते अजून ठरायचं होतं.

तेवढ्यात बाळ झोपेतच दचकलं. त्याचे दोन्ही हात एकदम बाजूला फेकले गेले, मुठी उघडल्या, बोटं पसरली, पाय वर आले. काही क्षण ते तसंच राहिलं, हात पसरून, तोंड किंचित उघडं ठेवून.

दोघी आज्या जाणत्या नजरेनं बघत होत्या.

"कोपर जरा वाकवायला हवं," ताराबाई म्हणाल्या.

"मान छान धरलीय पण."

"मान धरलीय. हात शिकेल."

हेमलताबाईंनी आपला तळवा अलगद बाळाच्या पोटावर ठेवला. बाळाचे हात हळूहळू जवळ येऊ लागले, बोटं मिटू लागली. श्वास संथ झाला. ते पूर्ण खाली पोचेपर्यंत त्यांनी हात तसाच ठेवला.